ओठ बधिर राहिला तर चालेल का?

"डॉक्टर, ऑपरेशन सेफ आहे ना?" जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या जवळपास प्रत्येक कुटुंबाचा हा पहिला प्रश्न असतो. तो बहुधा आई विचारते. शेजारी बसलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलमध्ये कुणाचा तरी 'आधी आणि नंतर'चा फोटो उघडलेला असतो. वडील खर्चाचे विचारतात आणि मग जरा आवाज उतरवून म्हणतात, "पुढच्या वर्षी स्थळं बघायची आहेत, तोवर उरकेल ना?"

"सेफ आहे" हे उत्तर मी अनेक वर्षे देत आलो. ते खोटे नव्हते. प्रशिक्षित हातांत, नीट सज्ज रुग्णालयात आणि निरोगी तरुण रुग्णावर केलेली ही शस्त्रक्रिया जिवाच्या दृष्टीने खरोखरच सुरक्षित आहे. पण आता मला ते उत्तर अपुरे वाटते. कारण जिवाला धोका नाही म्हणजे धोकाच नाही, असा त्याचा अर्थ घरी जाईपर्यंत झालेला असतो. धोका आहे, तो वेगळ्या जातीचा आहे, आणि तो पत्करण्याजोगा आहे की नाही हे शस्त्रक्रिया कशासाठी करायची यावर ठरते. ही दुसरी बाजू आपल्याकडे फार कमी बोलली जाते.

आधी ही शस्त्रक्रिया कुणासाठी असते ते पाहू. दात वेडेवाकडे असतील तर तारा लावून ते सरळ करता येतात. पण दोष दातांत नसून ते ज्या हाडात बसले आहेत त्या जबड्यातच असेल, तर वाढ पूर्ण झाल्यावर नुसत्या तारा पुऱ्या पडत नाहीत. कुणाचा खालचा जबडा इतका पुढे असतो की खालचे दात वरच्यांच्या बाहेर येतात. कुणाचा इतका मागे असतो की हनुवटी गळ्यातच विरते. कुणाचे दाढांवर दाढा टेकल्या तरी पुढचे दात उघडेच राहतात. अशा माणसाला भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही, मक्याचे कणीस खाता येत नाही. चारचौघांत तो जेवायला लाजतो. काहींचे उच्चार बिघडतात, काहींचा श्वास झोपेत अडखळतो. दिसण्याचा प्रश्न यातला एक भाग आहे. तो क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. शाळेत दहा वर्षे चिडवून घेतलेल्या मुलाला तसे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

हाड कापून पुढे-मागे

शस्त्रक्रिया बहुतेक सगळी तोंडाच्या आतून होते, त्यामुळे चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. वरच्या जबड्यात नाकाच्या तळाजवळून आडवा छेद घेऊन दातांसकट जबडा सुटा करतात आणि ठरलेल्या जागी बसवतात. या छेदाला फ्रेंच शल्यविशारद रेने ल फोर यांचे नाव आहे. चेहऱ्याची हाडे मार बसल्यावर कोणत्या रेषांवर तुटतात याचा अभ्यास त्यांनी मृतदेहांवर केला आणि तो १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना मागच्या भागात हाड उभे चिरतात. वेळू चिरल्यावर दोन कांबी एकमेकींवरून सरकाव्यात तसे ते दोन भाग सरकवून टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्के करतात. ही पद्धत ह्यूगो ओब्वेगेसर यांनी १९५०च्या दशकात रूढ केली. आज जगभर तिच्याच सुधारलेल्या आवृत्त्या वापरल्या जातात.

तेव्हापासून सुरक्षिततेत मोठा फरक पडला, आणि त्याची कारणे ठोस आहेत. वरचा जबडा सुटा केल्यावर त्याला रक्त कुठून मिळते हे विल्यम बेल यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. हिरड्या आणि टाळूची मऊ ऊती शाबूत ठेवली तर हाड जगते, हे कळल्यावर शल्यचिकित्सकांना खात्रीने काम करता येऊ लागले. पूर्वी वरचे-खालचे दात सहा-सहा आठवडे तारेने बांधून ठेवत. पट्ट्या आणि स्क्रू आल्यावर बहुतेकांची त्यातून सुटका झाली. तोंड बांधलेल्या रुग्णाला उलटी झाली तर काय, या भीतीने उशाशी तार कापायची पक्कड ठेवण्याचे दिवस मागे पडले. भूलतज्ज्ञ आता रक्तदाब काबूत ठेवून रक्तस्राव कमी करतात. सीटी स्कॅनवरून संगणकावर आधी संपूर्ण शस्त्रक्रिया आखता येते. त्यामुळे बहुतेक रुग्णांना बाहेरून रक्त द्यावेच लागत नाही आणि ते तीन-चार दिवसांत घरी जातात. मृत्यू अतिशय विरळ आहे, पण शून्य नाही. पूर्ण भूल देऊन केलेल्या कोणत्याच शस्त्रक्रियेत तो शून्य नसतो.

जो धोका नेहमीचा आहे

आता त्या दुसऱ्या जातीच्या धोक्याकडे येऊ. खालच्या दाढेसाठी दंतवैद्याने इंजेक्शन दिल्यावर अर्धा ओठ जाड आणि परका वाटतो, हे अनेकांनी अनुभवले असेल. ते इंजेक्शन ज्या नसेला बधिर करते, तीच नस खालच्या जबड्याच्या हाडातील बोगद्यातून जाते. शस्त्रक्रियेत हाड चिरायचे असते ते नेमके तिच्या शेजारून. नस तुटली नाही तरी ती ताणली जाते, दाबली जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक रुग्णांचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असते. पुढच्या काही महिन्यांत संवेदना परत येऊ लागते. मुंग्या येतात, कधी चटके बसल्यासारखे वाटते. पण सगळ्यांची ती पूर्ण परत येत नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा असे सांगतो, की वर्षभरानंतरही साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला तिथे काही ना काही फरक जाणवत राहतो. वय चाळिशीच्या पुढे असेल तर ही शक्यता आणखी वाढते.

या बधिरतेने ओठाची हालचाल थांबत नाही, चेहरा वाकडा होत नाही. ती नस वेगळी. पण ओठाला लागलेले वरण कळत नाही, चहा किती गरम आहे ते कळत नाही, दाढी करताना कापलेले आरशात पाहून समजते. बहुतेकांना याची सवय होते. थोड्यांना मात्र बधिरतेऐवजी वेदना मागे राहते, आणि तिची सवय होत नाही.

यानंतर बाकीच्या गुंतागुंती येतात. हाड ठरलेल्या रेषेऐवजी भलतीकडे तुटणे हे शंभरात दोन-तीन वेळा घडते. बहुधा ते तिथल्या तिथे दुरुस्त होते, पण जबडा काही आठवडे बांधून ठेवावा लागू शकतो. जंतुसंसर्ग होऊ शकतो. तंबाखू किंवा सिगारेट ओढणाऱ्यांत जखम उशिरा भरते, म्हणून आधी ते सोडा असे आम्ही बजावून सांगतो. काहींच्या पट्ट्या पुढे त्रास देतात आणि छोट्या शस्त्रक्रियेने काढाव्या लागतात. वरच्या जबड्याच्या मागे मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तिथला रक्तस्राव क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो. ज्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग आणि रक्ताची सोय नाही, तिथे ही शस्त्रक्रिया करू नये, ती त्यासाठीच.

एक गुंतागुंत उशिरा उगवते. कानाजवळच्या जबड्याच्या सांध्याचे हाड काही रुग्णांत हळूहळू झिजत जाते. लहान, मागे गेलेल्या जबड्याच्या तरुण मुलींमध्ये, जबडा बराच पुढे आणला असेल तेव्हा, हे अधिक दिसते. वर्ष-दोन वर्षांनी पुढचे दात पुन्हा उघडे पडू लागतात. केलेले काम थोडे किंवा बरेच मागे सरकते आणि पुन्हा शस्त्रक्रियेचा विषय निघतो.

आणि मनाचे काय? पहिले दोन आठवडे चेहरा सुजलेला असतो. तोंडात फक्त पेज, ताक, सूप, पातळ खिमट. वजन उतरते, झोप लागत नाही, बोललेले लोकांना कळत नाही. आरशात जो माणूस दिसतो तो ना जुना, ना नवा. याच काळात अनेकांना उदासी येते. बहुतेकांची ती सूज उतरते तशी उतरते. पण आधी सांगितले नसेल, तर रुग्णाला वाटते की आपले काहीतरी कायमचे बिघडले.

तीच किंमत, दोन ग्राहक

आता दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणा.

पहिला मुलगा चार-पाच वर्षांचा असताना ओट्यावरून हनुवटीवर पडला. हनुवटीला दोन टाके घातले, सगळे विसरले. पण माराचा खरा जोर कानाजवळच्या सांध्यावर गेला होता आणि तिथले हाड मोडले होते. काही महिन्यांत सांधा गोठत गेला, तोंड उघडेना. सांधाच गोठल्यामुळे जबड्याची वाढ खुंटली. असे रुग्ण आपल्याकडे आजही येतात. तोंडात बोटही जात नाही, वरण-भात दातांच्या फटीतून ढकलायचा, आणि रात्री मागे गेलेल्या जिभेने श्वास अडायचा. अशा मुलाचा सांधा आधी मोकळा करावा लागतो आणि जबडा पुढे आणावा लागतो. त्याला विचारा, ओठाचा एक कोपरा बधिर राहिला तर चालेल का? तो हसतो. हा प्रश्नच त्याला गमतीचा वाटतो.

दुसरी मुलगी नीट चावते, नीट बोलते, शांत झोपते. तिचे दात एकमेकांवर बरोबर बसतात. तिला हनुवटी जरा निमुळती हवी आहे, कारण फोन तिचा चेहरा तसा करून दाखवतो. तिच्यासाठी तोच बधिर कोपरा रोज आठवण करून देणारी गोष्ट ठरेल. शस्त्रक्रिया तीच, हात तेच, धोक्याचा आकडाही तोच. पण एकाच्या बाबतीत व्यवहार फायद्याचा आहे, दुसऱ्याच्या बाबतीत तोट्याचा. म्हणून "सेफ आहे का" याचे एकच उत्तर देता येत नाही.

हा फरक पुसला गेला की काय होते, हे दक्षिण कोरियाने पाहिले आहे. तिथे जबडा सुधारण्याची शस्त्रक्रिया आणि चेहरा निमुळता करण्यासाठी जबड्याचे हाड घासणे, कापणे या दोन्ही गोष्टी सौंदर्याच्या बाजारात शेजारी-शेजारी मांडल्या गेल्या. २०१४ मध्ये सोलच्या गंगनम भागातील एका क्लिनिकने रुग्णांच्या जबड्यांची कापलेली हाडे काचेच्या उंच नळ्यांत भरून शोभेला ठेवली होती. किती जणांनी आमच्यावर विश्वास टाकला, हे दाखवायला. फोटो पसरल्यावर वैद्यकीय कचऱ्याच्या नियमाखाली दंड झाला. २०१६ मध्ये जबड्याला आकार देण्याच्या शस्त्रक्रियेत अतिरक्तस्राव होऊन एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. शस्त्रक्रियागृहातील चित्रीकरणातून उघड झाले, की मुख्य डॉक्टर त्याला अर्ध्यावर सोडून दुसऱ्या रुग्णांकडे गेले होते. त्याच्या आईने अनेक वर्षे लढा दिला. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी शस्त्रक्रियागृहात कॅमेरे असावेत, असा कायदा तिथे २०२१ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. त्या तरुणाचा घात शस्त्रक्रियेच्या शास्त्राने केला नाही. घाईने आणि धंद्याने केला.

आपण त्या टोकाला पोहोचलेलो नाही. पण 'लग्नाआधी नवा चेहरा' अशा जाहिराती आपल्याही शहरांत दिसू लागल्या आहेत, आणि त्यांत नसेचा उल्लेख मला अजून सापडलेला नाही.

संमती म्हणजे सही नव्हे

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात रुग्णाच्या संमतीबाबत स्पष्ट भूमिका घेतली. उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय, त्यातले ठळक धोके आणि उपचार न केल्यास काय होईल, ही माहिती पुरेशी मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. अगदी दूरचे, कल्पनेतले धोके सांगण्याची सक्ती न्यायालयाने केली नाही. पण चार-पाच जणांमागे एकाच्या वाट्याला येणारी गोष्ट दूरची कशी म्हणायची? ती सांगितलीच पाहिजे. आणि ती शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, वॉर्डात, इंग्रजी छापील कागदावर 'नर्व्ह इंज्युरी' या दोन शब्दांत नव्हे.

कारण तोवर फार उशीर झालेला असतो. या उपचाराची सुरुवात शस्त्रक्रियेच्या वर्ष-दीड वर्ष आधी होते. ऑर्थोडॉन्टिस्ट तारा लावून दात हाडात त्यांच्या योग्य जागी आणतात, आणि त्या काळात चेहरा अनेकदा आधीपेक्षाही वाईट दिसतो. ज्या जुळवाजुळवीने दात आपले दोष झाकत होते ती काढून टाकलेली असते. अशा वेळी माघार घेणे जवळपास अशक्य. म्हणून धोक्यांचे बोलणे पहिली तार लागण्याआधी झाले पाहिजे, ऑर्थोडॉन्टिस्ट आणि मॅक्सिलोफेशियल सर्जन दोघांनी एकत्र बसून, मराठीत, आणि शक्य तर दोन भेटींत. पहिल्या भेटीत ऐकायचे, घरी जाऊन विचार करायचा, दुसऱ्या भेटीत प्रश्न विचारायचे. यात आमचा अर्धा तास जातो. तो न देण्याचे एकही सबळ कारण मला सुचत नाही.

दुसरी चूक उलट दिशेची आहे आणि तीही तितकीच गंभीर. भीतीने किंवा पैशाअभावी ज्यांना खरी गरज आहे तेच मागे राहतात. जबड्याची शस्त्रक्रिया म्हटले की विमा कंपनीला ती सौंदर्याची किंवा दातांची वाटते आणि दावा अडतो. श्वास अडणाऱ्या किंवा चावता न येणाऱ्या रुग्णाला ती कागदोपत्री सिद्ध करत बसावी लागते. दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा समावेश आहे, लहानपणीच्या शस्त्रक्रिया त्यामुळे अनेकांच्या होतात. पण त्यांतल्या काही मुलांचा वरचा जबडा पुढे वाढत नाही, आणि तो पुढे आणण्याची शस्त्रक्रिया वाढ थांबल्यावर, म्हणजे साधारण सतरा-अठराव्या वर्षानंतर करायची असते. कार्यक्रम मात्र अठराव्या वर्षापर्यंतचाच. ज्या मुलाला सरकारने बाळ असताना हात दिला, त्याचा हात शेवटच्या पायरीवर सुटतो. ही फट बुजवायला नवे शास्त्र नको, एक शासन निर्णय पुरे.

मग घरच्यांनी काय विचारावे? "सेफ आहे ना" हे विचाराच, पण तिथे थांबू नका. ही शस्त्रक्रिया माझ्या मुलीचे नेमके काय सुधारणार, चावणे, श्वास की फक्त दिसणे? केली नाही तर पुढच्या दहा वर्षांत काय होईल? नुसत्या ताराने किंवा हनुवटीच्या छोट्या शस्त्रक्रियेने भागेल का? तुम्ही स्वतः वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, आणि तुमच्या रुग्णांपैकी किती जणांचा ओठ वर्षानंतरही बधिर आहे? भूलतज्ज्ञ कोण, रात्री वॉर्डात कोण असेल, अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे का? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या रागातच तुमचे उत्तर आहे. आणि झोपेत श्वास अडत असेल तर आधी झोपेची तपासणी करून घ्या. अनेकांना रात्री लावायच्या हवेच्या यंत्राने आराम पडतो, शस्त्रक्रिया लागतच नाही.

आम्हा डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. प्रत्येक केंद्राने आपल्या गुंतागुंतींची नोंद ठेवावी आणि ती रुग्णाला दाखवावी. भिंतीवर 'आधी आणि नंतर'चे फोटो लावता येतात, तर त्यांच्या शेजारी हा एक तक्ता लावायला जागा नक्कीच आहे.

मी स्वतः आता सुरुवातच उलट करतो. आई "सेफ आहे ना?" म्हणाली की मी मुलीकडे वळतो आणि विचारतो, "खालचा ओठ थोडा बधिर राहिला, कायमचा, तर चालेल का तुला?" काही जणी क्षणभरही न थांबता हो म्हणतात. त्यांना काय हवे आहे ते त्यांना नीट माहीत असते. काही जणी आईकडे पाहतात, मग फोनकडे पाहतात आणि गप्प होतात. त्यांना मी सांगतो, घरी जा, महिनाभर विचार कर. वाढ पूर्ण झालेला जबडा कुठे पळून जात नाही. काही परत येतात, काही येत नाहीत. न आलेल्यांपैकी कुणाचे आपण नुकसान केले, असे मला आजवर वाटलेले नाही.